थाप मारली की सोडायचं

२४ नोव्हेंबर

मास्तर म्हणाला, आज काय शिकलात ते घरी जाऊन वहीत लिहायचं. सगळ्यांनाच म्हणाला. मी म्हणलं, पोरा, माझी शाळा चौथीपर्यंतच. पाचवीत गेले आणि बापानं हातात खुरपं दिलं. तर म्हणतो कसा, "चौथीपर्यंत सगळी अक्षरं येतात आजी. पाचवीत नवं अक्षर एकबी न्हाई." तोंडाळ आहे. जमेल माझं त्याच्याशी.

ही डायरी शेजारच्या साखराबाईच्या जावयानं दिलेली. तो विम्याचं काम करतो. डायरी दोन वर्षांपूर्वीची आहे. तारखा चालतात, पण छापलेले वार आता खोटे पडतात. ते मी खोडून टाकते.

तर आज शिकले ते: पडायला.

नुसतं एवढं वाचून कुणालाही वाटेल म्हातारी भ्रमली. म्हणून सगळं लिहिते. गेल्या महिन्यात संध्याकाळी हातपाय धुवायला न्हाणीत गेले आणि पडले. शेवाळ नव्हतं, साबण नव्हता, पाय गेला एवढंच. कंबर काळीनिळी झाली, मोडलं काही नाही. दूधवाल्याच्या हाका ऐकून साखराबाई लगेच आली. तोवर अंगावरचं भिजलेलं लुगडं वाळलंही होतं, त्यामुळं सर्दीसुद्धा झाली नाही.

साखराबाईनं भुजंगला फोन लावला. भुजंग माझा मुलगा, लातूरला सरकारी कचेरीत आहे. दुपारी हजर. न्हाणी बघितली, उंबरा बघितला, बल्ब बघितला, जसा काही जप्तीला आला होता. मग म्हणाला, "माय, या वेळेला सोडतो. पुन्हा पडलीस की त्याच दिवशी गाडीत घालीन आन् लातूरला नेईन. या घराला कुलूप."

"पडत न्हाई," मी म्हणलं.

"लिहून देतीस?"

"तुझ्या कचेरीत घे लोकांकडून लिहून. मी न्हाई देत."

लातूरला मी गेल्या वर्षी दोन महिने राहून आले. औसा रोडला तिसरा मजला. सून चांगली आहे. फारच चांगली आहे, हातातलं उलथनंसुद्धा काढून घेते. परत यायला निघाले तेव्हा भुजंगनं विचारलं काय झालं, तर पाणी मानवत नाही म्हणून सांगितलं.

म्हणजे पडले की घर गेलं. मी बसून विचार केला. फरशीला काही सांगता येत नाही आणि पाय सांगून ऐकत नाही. पडणार तर मी नक्कीच. मोडायचं नाही आणि आपलं आपण उठायचं, एवढंच हातात आहे. पण ते शिकवतं कोण?

इथं नांदेडात तरोडा नाक्याजवळ हळदीचं जुनं गोदाम आहे. त्याच्या समोर बसून मी कितीतरी वर्षं भाजी विकली. आता तिथं गाद्या अंथरून पोरंपोरी पांढरे कपडे घालून एकमेकांना आपटतात. जाता-येता बघितलं होतं, धप्पकन पडतात आणि हसत उठतात. आज सरळ आत गेले. शिकवणारा मास्तर म्हणजे अश्वजित, तिशीच्या आतला, दिवसा मोबाइलच्या टॉवरचं काम करतो.

"पोरा, पडायला शिकवतोस का?"

"आजी, हे ब्राझिलियन जिऊ-जित्सू हाय."

"जुजुबी?"

"जिऊ-जित्सू. ब्राझील देशातलं."

"कुठं आलं ते?"

"लई लांब."

"लातूरच्या पुढं?"

"हाव आजी. लातूरच्या बरंच पुढं."

"मग चालतंय. मला लातूरलाच जायचं न्हाई."

हसला. म्हणाला डॉक्टरची चिठ्ठी आणा, त्याशिवाय उभ्यानं पाडणार नाही. आज नुसतं बसल्या जागेवरून मागं लोळायला लावलं. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. लोळले. छत बघितलं. छताला अजून हळद आहे.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरनं फोटो काढला. हाडं वयाच्या मानानं बरी आहेत म्हणाला. चिठ्ठीवर हलका व्यायाम करावा असं लिहिलं आणि वर तोंडी सांगितलं, "आजी, पडू नका बरं." एवढं शिकून हे सांगतो.

कपड्याचा घोळ झाला. तिथं जाडं पांढरं जाकीट, विजार आणि पट्टा घालतात. मी विजार घालणार नाही म्हणलं. लुगड्याचा कासोटा घट्ट मारला आणि वरून जाकीट घातलं. मास्तर म्हणाला, नियमात बसत नाही. मी म्हणलं, तुझ्या त्या नाड्यावाल्या विजारीपेक्षा माझा कासोटा पक्का आहे, ओढून बघ. त्यानं काही ओढून बघितलं नाही.

मास्तरच्या कमरेला निळा पट्टा आहे. पहिल्याच दिवशी बघितला, म्हणलं पोरगा आपल्यातला दिसतो. नंतर बघते तर उदगीरच्या लिंगायत पोरीलाही निळाच. वर्षाराणी तिचं नाव, इथं नर्सिंग शिकते. मी तिला विचारलं, "पोरी, तू कामून निळा बांधलास?" सगळे हसायला लागले. मास्तर म्हणाला, "आजी, हा दर्जा हाय. जयंती न्हाई."

मला पांढरा दिला. पांढऱ्याचं बघू काय होतं.

३ डिसेंबर

पडायचं कसं ते असं. पडताना हात खाली टेकवून अंग तोलायचं नाही. टेकवला की मनगट जातं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला पोचता पोचता दोन्ही हात आडवे आपटायचे. आवाज झाला पाहिजे. श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही.

ऐकायला सोपं. पण अंगाला सत्तर वर्षं (अजून पुरी झाली नाहीत, पण लिहायला सोपं पडतं) एकच सवय, सावरायचं. घसरलं की हात पुढं. मास्तर म्हणतो, सावरायला जाणाराच मोडतो.

आमच्या गावाकडं कुस्तीत पाठ टेकली की संपलं, ढोल बंद. इथं उलटं आहे. इथं पाठ टेकली की पुढं खरं काम सुरू होतं. पोरं पाठीवर पडून लढतात. हे मला आवडलं.

६ डिसेंबर

आज वर्ग नाही. विहारात गेले. परत येताना साखराबाईनं हरभऱ्याची भाजी दिली, खारट होती.

९ डिसेंबर

आज भांडण झालं. चूक मास्तरची, त्याला शब्द नीट वापरता येत नाही.

आज त्यानं कोपराचा डाव दाखवला. समोरच्याचा हात पायांत धरून ताणायचा. मला म्हणाला, आजी तुम्ही खाली, वर्षाराणी हळू ताणेल, लागायला लागलं की थाप मारायची.

मी उठून बसले. म्हणलं, "थापा मारायला मी इथं आले न्हाई. बाजारात उभा जन्म गेला, कधी माप मारलं न्हाई, थाप कामून मारू?"

पोरं गादीवर लोळायला लागली. मास्तरचं तोंड बघण्यासारखं झालं. मग त्यानं हात धरून दाखवलं. थाप म्हणजे हाताची थाप, समोरच्याच्या अंगावर नाहीतर गादीवर, दोनदा. म्हणजे बस, लागतंय, सोड. थाप मारली की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचंच. आधी सोडायचं, विचारायचं मागून. हा इथला पहिला नियम, बाकीचे नंतर.

मी म्हणलं, म्हणजे हरलो म्हणायचं.

"हरलो न्हाई आजी. लागतंय एवढंच. मग पुन्हा हात मिळवायचा आन् डाव नव्यानं."

बरं म्हणलं. वर्षाराणीनं हात धरला आणि हळूहळू ताणला. विचारते, "आजी, लागून राहिलं का?" मी म्हणलं न्हाई. अजून थोडा ताणला. "लागून राहिलं का?" न्हाई. तिनं आपणहून सोडला. म्हणाली, "मास्तर, आजीच्या डोळ्यात पाणी आलं." मी म्हणलं, तुझ्या कपाळाची विभूती पडली डोळ्यात. तिची विभूती खरंच माझ्या जाकिटाच्या खांद्यावर उमटली होती, ती दाखवली.

११ डिसेंबर

हात उत्तम आहे. भाकरी साखराबाईनं करून दिल्या, तिलाच हौस. वेणी आज घातली नाही, रोज घालायलाच पाहिजे असं काही नाही.

१२ डिसेंबर

डाव्या हातानं लिहून बघत होते, म्हणून अक्षर असं आलं. पोरं पण काहीबाही शिकतात, मी डाव्या हातानं लिहायला शिकते.

१६ डिसेंबर

मास्तरनं मला डावातून काढलं. नुसतं पडायचं, लोळायचं, उठायचं. डाव नाही.

"कामून? मी म्हातारी म्हणून?"

"तुम्ही थाप मारत न्हाई म्हणून. जो थाप मारत न्हाई त्याच्यासंगं कुणी खेळत न्हाई आजी. समोरच्याला कळायचं कसं कुठं थांबायचं? तुमचा हात मोडला तर ती पोरगी जन्मभर रडंल."

"मला लागलंच न्हाई तर थाप कशी मारू?"

"आजी," तो म्हणाला, "गादीवर थाप मारणं म्हणजे खरं बोलणं. थापा तुम्ही आत्ता मारून राहिलात."

सगळ्यांसमोर म्हणाला. मी पट्टा सोडला, घडी केली आणि घरी आले. इतक्या लोकांनी बाजारात मला बोल लावले, पण खोटी कुणी म्हणलं नव्हतं. जाणार नाही आता.

१८ डिसेंबर

गेले. पडणं अजून पक्कं झालं नाही. पडायचं शिकून झालं की मग त्याचं तोंड बघणार नाही.

२३ डिसेंबर

भुजंगचा फोन आला, तोंड दिसतं तसला. नेमकी गोदामात होते. मी फोन भिंतीकडं केला.

"माय, कुठं हायस?"

"विहारात."

"मागं धडाधडा कशाचा आवाज येऊन राहिलाय?"

"विहाराचं छत टाकून राहिलेत."

"संध्याकाळच्याला?"

"मजूर दिवसा दुसरीकडं जातात."

"आन् तुझ्या गळ्याशी पांढरं काय हाय?"

"शाल."

फोन ठेवला तर वर्षाराणी माझ्याकडं बघून गादीवर दोन थापा मारून दाखवते. उद्धट आहे.

२ जानेवारी

वर्ग सुटल्यावर वर्षाराणीनं गुडघा दाखवला. आत टाके घातल्याची लांब खूण आहे. दोन वर्षांपूर्वी लातूरला स्पर्धेत तिनं थाप मारली नाही. उदगीरहून बाप बघायला आला होता, त्याच्यासमोर कशी मारू म्हणून. गुडघ्यातून आवाज आला तो बापालाही ऐकू गेला म्हणे.

"थाप मारली असती तर एक डाव गेला असता आजी. न्हाई मारली तर वर्ष गेलं."

"बाप काय म्हणला?"

"रडला. म्हणला, कामून सांगितलं न्हाईस."

मी तिला तिळाचं तेल लावायला सांगितलं.

नंतर तिनं मनगट धरलं तर सोडवायचं कसं ते शिकवलं. मास्तरला न विचारता. धरणाऱ्याचा अंगठा जिकडं असतो तिकडं आपला हात फिरवायचा, कोपर आत घ्यायचं, एक झटका. चार बोटं बळकट असतात, अंगठा एकटा पडतो. मला लगेच जमलं. भाजीवाल्या बाईचं मनगट किती जणांनी धरलं असेल बाजारात, तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी

पडले.

गादीवर नाही. किराणा दुकानाच्या पायऱ्यांवर. कुणीतरी बादली सांडली होती. पाय निसटला आणि अंगानं आपोआप केलं: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात आपटला, श्वास सोडला. दुकानदार "अरे अरे" करत बाहेर येईपर्यंत मी कुशीवर वळून, एक हात टेकून, एक पाय मागं घेऊन उभी. जसं मास्तरनं शिकवलं तसं. गुळाची ढेप हातातून निसटली होती, तीपण उचलली.

हात मात्र झणझणतोय. दगडावर आपटल्यावर कळतं गादी काय असते. कंबर शाबूत. डोकं शाबूत. घरी येऊन एकटीच हसले.

पण साखराबाई दुकानात होती. साबण घेत होती. तिनं बघितलं.

मी तिला म्हणलं, "खबरदार भुजंगला कळवलंस तर."

"न्हाई गं बाई," म्हणाली. तिचं हे "न्हाई गं बाई" मी चांगलं ओळखते.

१५ जानेवारी

आज हात दुखतोय तरी सगळं लिहिणार.

मी संध्याकाळी गोदामात होते. मास्तरला कालचं सांगितलं. त्यानं पोरांना गोळा केलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाला, आजचा दिवस खाली पडून वरच्याला कसं दूर ठेवायचं ते करू, हळू, ताणाताणी नाही. तर मी पाठीवर, कासोटा आवळलेला, वर्षाराणी माझ्या पोटावर, आणि दारातून आवाज आला.

"ए पोरी! ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

भुजंग. मागं साखराबाई, पदर तोंडाला लावून. आधी घरी गेला, कुलूप बघितलं, मग तिनं रस्ता दाखवला, आणि तमाशा बघायला सोबत आली.

बुटासकट गादीवर आला. मास्तर म्हणाला, "साहेब, बूट." कोण ऐकतं. वर्षाराणी बाजूला झाली. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला ओढून उभं केलं.

"काल पडलीस ना? पडलीस का न्हाई?"

"पडले आन् उठले."

"चल. गाडी बाहेर हाय."

"हात सोड."

"न्हाई सोडत. कपडे मागून आणू. हे काय चालवलंय माय? या वयात? लोक काय म्हणतील मला?"

त्याचा अंगठा वर होता. मला दिसत होता. अंगानं ओळखलं, कोपर आपोआप आत गेलं. एक झटका दिला असता तर हा माणूस एवढ्या पोरांसमोर रिकामा हात घेऊन उभा राहिला असता. आणि मी सांगते, मला ते करायचं होतं.

मग त्याचा हात बघितला. रागानं धरतात तसं धरलं नव्हतं. पहिल्यांदा डोक्यावर घेतलेली भरलेली पाटी पोरं धरतात, तसं. धरून ठेवायचं कळतंय, खाली ठेवायचं कुठं ते कळत नाही.

मी दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटावर थाप मारली. दोनदा.

मागून एक पोरगी हळूच म्हणाली, "आजीनं थाप मारली."

भुजंगला काय कळणार. तो म्हणाला, "थोपटू नको मला. मी लहान हाय का?"

"साहेब," मास्तर पुढं आला, "थोपटलं न्हाई त्यांनी. थाप मारली. थाप मारली की सोडायचं असतंय."

"हा कुठला नियम?"

"इथला. आधी सोडायचं. मागून इचारायचं."

भुजंगनं मास्तरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सोडलं. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते, ते बघून तोच मागं सरला.

आता थाप मारली म्हणजे गप्प बसता येत नाही. मास्तर विचारतोच, कुठं लागलं. तर मी बोलले.

"भुजंग, त्या दिवशी साखराबाई लगेच आली न्हाई. मी दिवेलागणीला पडले. न्हाणीला आतून कडी होती. दूधवाला आला तवा सापडले. हाका मारल्या, मग आवाजच बसला."

तो खाली बसला. तिथंच, गादीवर, बुटासकट. मास्तर या वेळी बुटाचं काही बोलला नाही.

"रातभर?"

"हाव."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"मग कशी सांगू? पाण्याचं बी खोटं होतं. लातूरला पाणी येतंच किती मानवायला. तिथं मी दिवसभर तशीच पडून असते रे. फक्त खाली फरशीऐवजी सोफा असतो. न्हाणीत निदान हाका तरी मारत होते. तुझ्या घरी हाक मारायला कारणच न्हाई. सगळं आधीच हातात आणून देता, आन् हातातलं काढून घेता."

साखराबाई रडायला लागली. मी म्हणलं, तू गप बस, तुझं काही लागलेलं नाही.

मग मास्तरच म्हणाला, "आजी, थाप झाली. आता हात मिळवा आन् नव्यानं बसा."

म्हणून बसलो समोरासमोर. आणि घासाघीस सुरू झाली. तो म्हणाला, न्हाणीची कडी काढायची. मी म्हणलं काढ. धरायला लोखंडी दांडी. लाव. एक किल्ली साखराबाईकडं. मी म्हणलं ती डबे उघडून बघते, तर साखराबाई म्हणाली "न्हाई गं बाई". बरं, किल्ली. रोज सकाळी फोन, आणि खरं बोलायचं. यावर मी थोडी अडले. मग हो म्हणलं. माझं एवढंच: घर माझं, वर्ग माझा, आणि महिन्यातून चार दिवस लातूरला येईन, पण तिथं भाकरी मी करणार.

"आन् पुन्हा पडलीस तर?"

"तर पुन्हा उठेन. न्हाई उठता आलं तर सांगेन."

"खरं?"

मी गादीवर हात आपटला. त्यानं जाताना मास्तरला नमस्कार केला. गादीवर बुटांचे ठसे राहिले, ते मी पुसले. मुलगा माझा होता.

१७ जानेवारी

सुतार आला, कडी काढली, दांडी ठोकली. आता न्हाणीत बसल्यावर काहीतरी गुणगुणत राहावं लागतं, नाहीतर साखराबाई दार ढकलते.

सकाळी भुजंगचा फोन. "माय, कशी हायस?"

"उजवा हात दुखतोय. वर जात न्हाई."

मग म्हणाला, "लातूरला येतीस का?"

"न्हाई. हात दुखतोय एवढंच सांगितलं."

"बरं," म्हणाला. "शेक."

खरं बोलणं एवढं अवघड नाही, फक्त थोडं लाजल्यासारखं होतं.

२७ जानेवारी

आज डावात घेतलं. वर्षाराणीनं हात धरला, मी लगेच थाप मारली. ती म्हणाली, "आजी, अजून ताणलाच न्हाई." मी म्हणलं, करून बघत होते.

१० फेब्रुवारी

कबूल केल्याप्रमाणे लातूरला चार दिवस राहून आज परत आले.

नात लुंबिनी सहावीत आहे. सोफ्याच्या गाद्या खाली अंथरून तिला पडायला शिकवलं. खालच्या मजल्यावरचे दोनदा विचारायला आले. थापेचा नियमही तिला सांगितला, तो तिनं घरात सगळ्यांना लावला. सकाळी मी भाकरीला बसले तर सून आलीच, "माय, राहू द्या, मी करते," आणि परातीला हात. मी तिच्या मनगटावर दोन थापा दिल्या. लुंबिनी बैठकीतून ओरडली, "आई, सोड! थाप मारली!" सुनेनं परात सोडली. मग उभीच राहिली, काय करावं तिला कळेना. मी म्हणलं, बस इथं, आणि तुझ्या ऑफिसातलं काय ते सांग. भाकरी होईपर्यंत सांगत होती. बऱ्याच जणांवर राग आहे तिचा. चांगली बोलते.

आज भुजंग स्टँडवर सोडायला आला. नांदेडची गाडी लागली. एसटीची पायरी उंच, आणि मागून माणसांचा लोंढा. त्यानं माझा दंड धरला. घट्ट. पिशवी वर चढवली, मी एक पाय ठेवला, तरी तो धरूनच. मागची माणसं ढकलायला लागली, "ओ साहेब, चढू द्या म्हातारीला," तरी धरूनच.

मी दोनदा थाप मारली.

लगेच सोडलं. नियम पाळतो, कचेरीतला माणूस आहे. मी दांडी धरून एकटी चढले, खिडकीची जागा मिळवली, त्यासाठी एका बाप्याला उठवावं लागलं.

भुजंग खिडकीखाली आला. "माय, लागलं का गं?"

"हाव."

"जास्त?"

"न्हाई. आता जा, कचेरीला उशीर होतोय."

गाडी निघाली. दंडाला काही लागलं नव्हतं, अहमदपूरपर्यंत दाबदाबून बघितलं. हे पान मास्तरला दाखवायचं नाही, तो लगेच कुठं लागलं म्हणून विचारत बसेल.

उद्या वर्ग आहे. जाकीट भिजत घातलं.